चेहऱ्याच्या जागी इस्त्री

छायाचित्र पाहिल्यावर आधी हसूच येतं. फुलाफुलांच्या कापडाची चादोर डोक्यावरून घेतलेली एक बाई समोर उभी आहे. चादोर म्हणजे शिवलेला बुरखा नव्हे. अर्धवर्तुळात कापलेलं भलंमोठं कापड. त्याला बटण नाही, बाही नाही, नाडी नाही. डोक्यावरून घ्यायचं आणि हनुवटीखाली मुठीत धरून ठेवायचं. हातात सामान असलं तर दातात. चित्रातल्या बाईनेही ते व्यवस्थित लपेटून घेतलंय, घड्या खांद्यांवरून नीट उतरल्या आहेत. फक्त कपाळ, डोळे, नाक, तोंड जिथे असायला हवं तिथे कपड्यांची इस्त्री आहे. दुसऱ्या चित्रात चादोर वेगळी, फुलं वेगळी आणि चेहऱ्याच्या जागी झाडू. मग एकीला पिवळा रबरी हातमोजा. एकीला किसणी. एकीला चाळणी.

तेहरानच्या शादी घदिरियानने ही मालिका २०००-०१ मध्ये केली. मालिकेच्या नावाचा मराठीत अर्थ ‘रोजच्यासारखंच’. घदिरियान १९७४ची, म्हणजे तेव्हा पंचविशीच्या पुढेमागे, आणि नुकतीच लग्न झालेली. लग्नात भेट म्हणून आलेल्या वस्तूंकडे बघताना हे सुचलं, असं तिने सांगितलेलं आहे. आपल्याकडच्या आहेराची आठवण व्हावी असंच हे. एकाच लग्नात पाच-पाच लेमन सेट यायचे, कुकर यायचा, नाव कोरलेली स्टीलची पातेली यायची; देताना सगळे म्हणायचे ‘दोघांना मिळून’, आणि ती पातेली पुढे आयुष्यभर कोण घासणार हे मांडवातल्या सगळ्यांना ठाऊक असायचं. घदिरियानने त्या वस्तू उचलल्या आणि थेट बाईच्या तोंडावर नेऊन ठेवल्या. विनोद म्हणून बघा, नाहीतर फिर्याद म्हणून. मला तो दोन्ही अंगांनी पटतो.

पण या मालिकेतली खरी चलाखी इस्त्रीत नाही, कापडात आहे. इराणमधल्या बाईचं चित्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळा रंग येतो, कारण वर्तमानपत्रांनी, टीव्हीने वर्षानुवर्षं तेवढाच दाखवला. काळी चादोर ही रस्त्यावरची, कचेरीतली, मोर्च्यातली. घरातली चादोर निराळी असते: नमाज पढताना घ्यायची, दारावर कुणी आलं तर पटकन डोक्यावर ओढायची, पातळ सुती कापडाची, पांढरी किंवा फिकट रंगावर बारीक फुलं असलेली. ती बातमीत येत नाही, कारण बातमीदार घरात येत नाही. घदिरियानने नेमकी हीच घरातली चादोर निवडली. म्हणजे बाहेरच्याला जे ‘इराणी बाईचं चिन्ह’ वाटतं ते तिने बाजूला सारलं आणि आतल्या माणसाला जे रोज दिसतं ते पुढे केलं. समकालीन कलेत हिजाब, नकाब, चादोर, बुरखा यांवर गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पुष्कळ काम झालं. त्यातलं चांगलं कोणतं आणि उगाच केलेलं कोणतं, हे ओळखायला मी हल्ली हाच निकष लावते: कलावंताने कापड नीट पाहिलंय का?

त्याआधीची घदिरियानची मालिका आणखी मिश्कील आहे. इराणवर १९२५ पर्यंत काजार घराण्याचं राज्य होतं. त्यातल्या नासिरुद्दीन शाहाला फोटोग्राफीचं वेड. तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात तो स्वतः कॅमेरा घेऊन आपल्या जनान्यातल्या बायकांचे फोटो काढायचा. त्या काळच्या स्टुडिओत बसतात तशा बायका घदिरियानने बसवल्या: मागे हाताने रंगवलेला पडदा, अंगात त्या काळचे आखूड घेरदार झगे, डोक्यावर ओढणी, मुद्रा गंभीर, आणि प्रिंट तपकिरी झाक असलेला. मग एकीच्या हातात पेप्सीचा डबा दिला. एकीच्या खांद्याजवळ मोठा टेपरेकॉर्डर. एक सायकल घेऊन, एक व्हॅक्यूम क्लीनर घेऊन. मैत्रिणी आणि घरच्याच बायका मॉडेल झाल्या. १९९८च्या सुमाराचं हे काम. बघणारा गोंधळतो, की पेप्सी जुन्या काळात शिरली की जुना काळ अजून पेप्सी पितोय? दोन्ही खरं असण्याची शक्यता घदिरियान मोकळी ठेवते. इराणमध्ये राहून, तिथल्या नियमांत बसून हे करायचं म्हणजे असा तिरकस मार्गच काढावा लागतो. त्या मार्गाचा मला तरी तोटा दिसत नाही.

पडद्यातल्या बाईचा फोटो कुणी काढायचा, हा प्रश्न आपल्या मुलखातही होताच. लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादला खास जनाना स्टुडिओ उघडला आणि तो एका इंग्रज बाईच्या हाती दिला, म्हणजे गोषातल्या बायकांना पुरुषासमोर बसावं लागू नये. आपल्या सरदार घराण्यांतही गोषा पाळला जायचा. शेतावर राबणाऱ्या बाईला तो परवडणारा नव्हता. तिला डोक्यावरचा पदर पुरे.

घदिरियानच्या आधी जगाला ठाऊक झालं ते शिरीन नेशातचं नाव. जन्म १९५७चा, गाव कझवीन. शिकायला अमेरिकेत गेली, मागे १९७९ची क्रांती झाली, आणि ती मायदेशी परतली ती थेट १९९० मध्ये. सोडून गेली ती शहरं आणि समोर आलेली शहरं यांतला फरक बघून ती हबकली. त्यातून १९९३ ते ९७ या काळात ‘अल्लाच्या स्त्रिया’ ही कृष्णधवल मालिका आली. त्यातलं एक चित्र सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं: काळ्या चादोरीतली बाई रोखून बघतेय, बंदुकीची नळी तिच्या चेहऱ्याचे बरोबर दोन भाग करत वर गेलीय, आणि चेहऱ्यावर शाईने फारसी अक्षरं लिहिलेली आहेत. दुसऱ्या एकात नळीचं टोक कानाजवळून असं डोकावतं की क्षणभर ते कर्णभूषणच वाटावं.

न्यूयॉर्कच्या गॅलरीत ही चित्रं बघणाऱ्या बहुतेकांना ती अक्षरं वाचता येत नव्हती. कुणाला नक्षी वाटली, कुणाला कुराणातल्या आयती. प्रत्यक्षात त्यात आधुनिक इराणी कवयित्रींच्या कविता आहेत: फरुग फर्रुखजाद, ताहेरे सफ्फारजादे. यांतली पहिली बंडखोर, प्रेमाबद्दल उघड लिहिणारी, ऐन तिशीत अपघातात गेलेली. दुसरी क्रांतीवर विश्वास असलेली, श्रद्धावान. दोघींचे सूर एकमेकींपासून कोसभर लांब. फारसी येणाऱ्याला हा सगळा वाद एका चेहऱ्यावर वाचता येतो. न येणाऱ्याला फक्त ‘पौर्वात्य’ वळणं दिसतात. नेशातवर टीका झाली ती इथेच. चादोर, बंदूक, अक्षरं, नजर: पाश्चात्त्यांच्या मनातली भीती आणि भूल तिने एका चौकटीत बसवून विकली, असा आक्षेप घेतला गेला. आक्षेपात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. त्या चित्रांचा देखणेपणा जरा जास्तच आहे. बंदूक इतकी सुंदर दिसू नये.

मात्र त्यानंतरची तिची व्हिडिओकृती माझ्या मते या सगळ्या विषयातली मोठी कलाकृती आहे. १९९८ची, काळी-पांढरी, दोन पडद्यांची. पडदे समोरासमोर, आपण मध्ये उभे. एका पडद्यावर पांढऱ्या शर्टातला गायक. मागे खुर्च्या भरून बसलेले पुरुष, सगळे त्याच्यासारखेच पांढऱ्या शर्टात. तो रूमीची रचना गातो, दाद घेतो. दुसऱ्या पडद्यावर चादोर घेतलेली बाई, पाठमोरी, समोर रिकामं सभागृह. त्याचं गाणं संपेपर्यंत ती हलत नाही. मग ती सुरू करते. शब्द नाहीत. श्वास, घशातले आवाज, आर्त किंकाळी, हुंकार, पुन्हा श्वास. आतापर्यंत जागचा न हललेला कॅमेरा तिच्याभोवती फिरायला लागतो. समोरच्या पडद्यावरचा गायक आणि त्याचे श्रोते नुसते बघत राहतात. आणि आपली गंमत अशी होते की दोन्ही पडदे एकदम बघता येत नाहीत. मान वळवत राहावी लागते, कुठेतरी काहीतरी सुटतंच. स्त्रियांनी पुरुषांसमोर एकट्याने गाण्याला इराणमध्ये बंदी, या एका गोष्टीवर हे उभं आहे, पण ती गोष्ट माहीत नसली तरी अंगावर काटा येतो. गायिका सुसान देहीम. नेशातला १९९९ मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं ते यावर.

(जाता जाता: आपल्या रंगभूमीवर बाईचं गाणं आणि बाईचा पदर कितीतरी वर्षं पुरुषाकडेच होता. बालगंधर्व पदर ज्या ढबीने घेत ती ढब घराघरांतल्या बायकांनी उचलली. अस्सल बाईला मात्र तोंडाला रंग लावून उभं राहायला पुष्कळ थांबावं लागलं. तेव्हा इराणकडे बोट दाखवताना जरा जपून.)

ज्या कापडावर एवढी चित्रं निघाली त्याच्याशी इराणच्या सरकारांनी काय काय केलं ते बघितलं की या कलेचा राग कुठून येतो ते कळतं. १९३६च्या जानेवारीत रेझा शाहाने फर्मान काढलं: बायकांनी चादोर घ्यायची नाही. देश आधुनिक दिसला पाहिजे. पोलीस भर रस्त्यात बायकांच्या डोक्यावरून चादोर ओढून काढायचे. अनेकींनी घराबाहेर पडणंच सोडलं. त्या बायकांना सक्तीने मिळालेला मोकळेपणा चार भिंतींत काढावा लागला. १९४१ मध्ये शाह गेला, सक्ती सैल झाली. मग १९७९ची क्रांती. त्या मार्चमध्ये कचेऱ्यांत डोकं झाकून यावं असं सूचित झाल्यावर ८ मार्चला तेहरानमध्ये हजारो बायका बोडक्या डोक्याने रस्त्यावर उतरल्या. छायाचित्रकार हेंगामेह गुलिस्तान त्या गर्दीत होती. तिच्या चित्रांत बर्फ पडतोय, बायका ओरडतायत, हसतायत, एकमेकींच्या दंडात दंड अडकवून चालल्यात. चार वर्षांत डोकं झाकणं कायद्याने बंधनकारक झालं. म्हणजे एकाच शतकात, एकाच देशात, एकाच कापडासाठी पोलिसांनी बायकांना आधी ते घेतलं म्हणून धरलं आणि मग घेतलं नाही म्हणून. तेहरानमध्ये एखादी आजी अशी असेल जिने दोन्ही अनुभवलं.

इथून जरा पश्चिमेला, अल्जीरियात जाऊ. १९६० साल. फ्रान्सविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात. खेड्यांतली माणसं उठवून फ्रेंच लष्कराने त्यांना पहाऱ्यातल्या वस्त्यांत आणून ठेवलेलं, आणि आता प्रत्येकाला ओळखपत्र द्यायचं ठरलं. फोटो काढायचं काम मार्क गारांझे या सक्तीच्या लष्करी सेवेवर आलेल्या पंचविशीतल्या शिपायाकडे आलं. दहा दिवसांत त्याने सुमारे दोन हजार जणांचे फोटो काढले, त्यांत बहुतेक बायका. ओळखपत्रासाठी चेहरा दिसायला हवा, म्हणून तोंडावरचं वस्त्र काढायचा हुकूम. घरातल्या माणसांखेरीज कुणापुढे तोंड न उघडलेल्या बायका एकामागून एक स्टुलावर येऊन बसल्या, मागे पांढरी भिंत. केस विस्कटलेले, गोंदणं उघडी पडलेली, कपडे सैल झालेले. त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. मग त्यांनी जे करता येत होतं ते केलं, कॅमेऱ्यात रोखून बघितलं. त्या नजरा बघवत नाहीत. गारांझे स्वतः युद्धाच्या विरोधातला. त्याला तिथेच कळलं होतं की आपण काय करतोय, आणि त्याने ती चित्रं बाहेर आणून छापली. १९८२ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. २००४ मध्ये तो परत त्या गावांत गेला, तेव्हा त्या बायकांपैकी काही भेटल्या. कितीकींकडे स्वतःचा दुसरा फोटोच नव्हता.

हे पुस्तक चाळताना मला माझ्या आत्याचं आधार कार्ड आठवतं. आत्या माणदेशातली. नऊवारी, आणि डोक्यावरून पदर कधी खाली आलेला मी पाहिला नव्हता. झोपेतसुद्धा तो जागेवर असायचा. पदराच्या टोकाच्या गाठीत सुपारीचं खांड आणि दोन-चार नाणी. आधार केंद्रावरचा पोरगा चांगला होता, गावातलाच. ‘आज्जी, पदर जरा मागं घ्या, कान दिसूद्यात.’ आत्याने बोटभर मागे घेतला. ‘आनि थोडा.’ तिने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. दारात चुलत सासऱ्यांचा नातू रांगेत उभा होता. पदर अंबाड्यापर्यंत गेला, क्लिक झालं, आणि फोटो स्क्रीनवर उमटायच्या आत तो पुन्हा कपाळावर होता. कार्ड आलं तेव्हा तिने ते लांब धरून बघितलं आणि म्हणाली, ‘ही म्या न्हवंच.’ आधारवर कुणीच स्वतःसारखं दिसत नाही म्हणा. कुणी बंदूक रोखलेली नव्हती, कुणाचा अपमान करायचा नव्हता. गारांझेच्या बायकांशी तिची बरोबरी करणं चुकीचं होईल. तरी सरकारच्या भिंगापुढे मागे घेतलेल्या त्या पदराचा हिशेब माझ्या मनात कुठेतरी तसाच लागत राहतो.

अल्जीरियन आईबापांच्या पोटी पॅरिसमध्ये जन्मलेली झिनेब सेदिरा हा हिशेब पुढे नेते. तिच्या २०००च्या एका छायाचित्रमालिकेत ती स्वतः अल्जीरियातला पांढरा हायक लपेटून पांढऱ्याच पार्श्वभूमीवर उभी आहे. चेहरा दिसत नाही. कापडाच्या कडा पांढऱ्यात विरघळतात. शीर्षकात तिने विचारल्यासारखं केलंय, की हे माझं चित्र आहे की कुमारी मारियेचं? आपल्याकडे वांद्र्याच्या मोत मावलीला लाखो माणसं जातात, गोव्यात तर घरोघरी सायबीणीची मूर्ती फिरते. माउलीच्या डोक्यावर वस्त्र का, असं आजवर कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. सेदिराचा रोख तिथेच आहे. एक डोकं झाकलेलं पवित्र वाटतं, दुसरं संशयास्पद. कापड दोन्हीकडे पांढरंच.

इराकमध्ये किर्कुकला जन्मलेल्या, पुढे इंग्लंडमध्ये स्थिरावलेल्या जनान अल-आनीने १९९६ मध्ये आई, बहिणी आणि स्वतः अशा पाच जणींना रांगेत बसवून दोन मोठी छायाचित्रं काढली. रांगेच्या एका टोकाला नखशिखांत झाकलेली बाई, दुसऱ्या टोकाला आखूड स्कर्टातली, मधल्या पायरीपायरीने. ही दोन चित्रं समोरासमोर लावायची असतात. बघणारा मध्ये उभा राहिला की दहा बायका त्याच्याकडे बघत असतात. त्यांच्यापैकी ‘खरी’ इराकी कुठली, हे ठरवायला निघालेला माणूस स्वतःच तपासणीला उभा केल्यासारखा होतो. सेदिरा, अल-आनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००३ मध्ये इंग्लंडमध्ये या विषयाचं एक मोठं प्रदर्शन भरवलं. इराकवर हल्ला झाला ते साल. मॉस्कोच्या एका कलावंतगटाने स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याला बुरखा घातलेलं चित्र त्यात होतं. वॉल्सॉल शहरात ते भिंतीवर लागू दिलं गेलं नाही. पुतळ्याच्या तोंडावर कापड आलं तर एवढी खळबळ!

यानंतर या विषयाला जो बाजार आला त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. काळं कापड, फक्त डोळे, वर थोडी अरबी अक्षरं, की झालं चित्र. मुस्लिम देशातून आलेल्या चित्रकर्तीने दुसरं काही काढलं तर खरेदीदाराचा चेहरा पडतो अशी परिस्थिती. लाहोरच्या राशिद राणाने २००४ मध्ये या हव्यासाचीच फिरकी घेतली. लांबून बघावं तर बुरख्यातली आकृती. जवळ जावं तर ती हजारो चिमुकल्या अश्लील फोटोंची बनलेली. बाईला पूर्ण झाकून बघणारा आणि पूर्ण उघडी करून बघणारा, दोघांना त्याने एकाच चित्रात कोंडलं. विचार चोख, पण चित्रातल्या बाईला दोन्हीकडून काही मिळत नाही, ही माझी तक्रार राहते. येमेनच्या बुशरा अल्मुतवक्किलची आई, मुलगी आणि बाहुली यांची मालिका मला जास्त जवळची. तिघी रंगीत कपड्यांत हसताना सुरू होतात आणि चित्रागणिक झाकत झाकत शेवटी नुसता काळा पडदा उरतो. बाहुलीसुद्धा सुटत नाही.

आपल्या मुंबईत हे सगळं रुमाना हुसेन यांच्या वाट्याला निराळ्या वाटेने आलं. त्या चित्रं काढत होत्या, धर्म हा त्यांच्या कामाचा विषय नव्हता. ६ डिसेंबर १९९२चा बाबरी मशिदीचा विध्वंस आणि पाठोपाठची मुंबईतली दंगल यांनी त्यांना सांगितलं, की तुम्ही कोण ते आता तुमचं नाव ठरवणार. कॅनव्हास मागे पडला. फुटलेली मडकी, गेरू, आरसे, स्वतःचं शरीर हे त्यांचं साहित्य झालं. १९९५ मध्ये एनसीपीएच्या आवारात त्या पायात घुंगरं बांधून, हातात अर्धी कापलेली पपई घेऊन, तोंड उघडं ठेवून फिरल्या. किंकाळीचा आकार होता, आवाज नव्हता. १९९८च्या सादरीकरणात त्यांनी मुसलमान बाईबद्दलचे प्रश्न प्रेक्षकांपुढे एकामागून एक वाचले: तिचा पोशाख, तिचं शरीर, तिची श्रद्धा, ती कुठली. उत्तर द्यायची जबाबदारी ऐकणाऱ्यावर. पुढच्याच वर्षी कर्करोगाने त्या गेल्या, पन्नाशीही न गाठता. त्यांचं नाव मराठी वाचकाला फारसं ठाऊक नाही, ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. ते प्रश्न तर अजून तसेच आहेत. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी वगैरेंवर बंदी घातली आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या आदेशाला अंशतः स्थगिती द्यावी लागली. तेहरानमध्ये मुलीचे केस दिसले म्हणून अडवतात, आपल्याकडे दिसत नाहीत म्हणून. अडवणाऱ्याचा हात सारखाच.

आणि कलावंतांच्या हातून हा विषय कधीचा निसटलाही आहे. २०१७च्या डिसेंबरात तेहरानच्या इन्किलाब रस्त्यावर विदा मोवाहेद नावाची तरुणी एका पेटीवर चढली, डोक्यावरचा पांढरा रुमाल काठीला बांधला आणि उभी राहिली. घोषणा नाही, भाषण नाही. तिचं बघून आणखी मुली तशाच उभ्या राहिल्या. २०२२ मध्ये हिजाब नीट घेतला नाही म्हणून पकडलेल्या महसा अमिनीच्या मृत्यूनंतर तर रस्तेच्या रस्ते भरले. नेशातच्या सगळ्या कृष्णधवल चौकटींपेक्षा काठीवरचा तो रुमाल मला वरचढ वाटतो. तो कुणाला विकत घेता येत नाही.

पुण्यात किंवा संभाजीनगरात दुपारी बारा वाजता कुठल्याही सिग्नलला उभे राहा. स्कुटीवर मुली येतात: सनकोट, हातमोजे, गॉगल आणि डोक्यापासून गळ्यापर्यंत करकचून गुंडाळलेला स्कार्फ. डोळेसुद्धा दिसत नाहीत. काही जणी गाडी चालवतानाच मान तिरकी करून सफाईने टोक आत खोचतात. ऊन, धूळ, धूर ही कारणं आहेतच. कुणीतरी ओळखीचं बघेल हे पण एक कारण आहे, आणि ते कुणी सांगत नाही. बँकेच्या आणि सराफाच्या दारावर ‘स्कार्फ व हेल्मेट काढून आत यावे’ अशी पाटी असते. एवढा चेहरा झाकूनही या मुलींना कुणी संस्कृतीचं प्रतीक म्हणत नाही, त्यांच्यावर परिसंवाद भरत नाहीत. त्याच सिग्नलला, त्यांच्याच शेजारी, काळ्या नकाबातली मुलगी थांबली की लगेच मान वळते. कॉलेज तेच, ट्रॅफिक तोच, ऊनही तेच.

हे काम आपल्याकडे व्हायचं राहिलंय असं मला वाटतं. माणदेशातला पदर, वाड्यांमधला गोषा, मोहल्ल्यातला नकाब आणि सिग्नलवरचा स्कार्फ एका भिंतीवर शेजारी शेजारी आणून बघायचं काम. जे. जे.मधल्या, अभिनवमधल्या, कोल्हापूरच्या कलाशाळांतल्या मुलींनो, हा विषय तुमचा आहे. दिल्लीच्या किंवा लंडनच्या गॅलरीला काय खपेल याचा विचार करून तो हाती घेऊ नका, आणि काळं कापड स्वस्त मिळतं म्हणून तर मुळीच नको. कापड जवळून बघा, कुठल्या दुकानातून आणलं ते विचारा, गाठ कशी मारतात ते शिकून घ्या. आणि कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी समोरचीला विचारा. नको म्हणाली तर पुढच्या सिग्नलला जा.